दर्या आणि दऱ्या

"बोटीवर सभा? मग ड्यूटी कोण करणार?"

अब्बांनी फोनवर हा प्रश्न विचारला तेव्हा आम्हा दोघा बहीणभावांना हसू आवरले नाही. पण अब्बा चेष्टा करीत नव्हते. एकतीस वर्षे त्यांनी मालवाहू बोटींवर काढली होती. आमच्या दाभोळच्या खाडीकाठची माणसे बोटीवर गेली की बहुतेक डेकवर कामाला लागत. अब्बा मात्र इंजिन खात्यात तेलवाले होते. बोट म्हणजे काम, पाळी आणि घरी पाठवायचे पैसे. तिच्यावर माणसे खुर्च्या मांडून भाषणे ऐकायला जातात, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

ही २०१५ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्यातली थोरली हेलसिंकीजवळच्या एस्पो शहरात संगणकाच्या नोकरीत आहे, धाकटा पुण्यात तेच काम करतो. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची एक परिषद हेलसिंकी-स्टॉकहोम बोटीवर भरणार होती. दोघांनी मिळून एक निबंध पाठवला, तो स्वीकारला गेला आणि धाकट्याने रजा टाकली. हा मजकूरही दोघांनी मिळूनच लिहिला आहे; कुठे सूर बदललेला वाटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अशी परिषद काही पहिलीच नव्हती. २००० साली अमेरिकेतल्या 'गीक क्रूझेस' नावाच्या कंपनीने पर्ल या संगणकभाषेच्या जाणकारांना अलास्काच्या समुद्रात नेले. पुढे लिनक्सवाल्यांच्याही सफरी निघाल्या. २००३ सालच्या सफरीत स्वतः लिनस टोरवाल्ड्स होते. मूळ कल्पना साधी. मोठ्या शहरातल्या परिषदेत मोठा माणूस भाषण करतो आणि टॅक्सीत बसून निघून जातो. बोटीवरून तो जाणार कुठे? सकाळी न्याहारीच्या रांगेत तुमच्या पुढे तोच उभा असतो.

बाल्टिक समुद्रावर तर हा प्रकार आणखी सोपा. हेलसिंकीहून संध्याकाळी सुटलेली बोट सकाळी स्टॉकहोमला लागते, दिवसभर तिथे थांबते आणि संध्याकाळी परत फिरते. तिच्यात दुकाने, नाचगाणे, मुलांचे खेळ आणि सभागृहेसुद्धा असतात. तिकीट स्वस्त, कारण बोटीची कमाई बरीचशी दुकानावर आणि जेवणावर चालते. हिवाळ्यातल्या आडवारी खोल्या रिकाम्या, म्हणून परिषदवाल्यांना खोली, जेवण आणि सभागृह असे सगळे एका गठ्ठ्यात मिळते. त्यात एक गंमत आहे. युरोपीय संघाने १९९९ साली आपल्या देशांमधल्या प्रवासातली करमुक्त विक्री बंद केली. वाटेतली ऑलंड बेटे फिनलंडची, पण संघाच्या करव्यवस्थेबाहेरची. म्हणून भल्या पहाटे बोट तिथे जरा टेकते, आणि तेवढ्यावर तिच्या दुकानातली दारू आणि अत्तरे करमुक्त राहतात. थोडक्यात, आमच्या ज्ञानसत्राचा खर्च दुसऱ्यांच्या दारूच्या खरेदीतून निघत होता. अब्बांना हे आम्ही सांगितले नाही.

बोट सुटली तेव्हा बंदरात बर्फाचे तुकडे तरंगत होते. बाहेर पडताना सुओमेनलिनाच्या जुन्या किल्ल्याजवळ कुस्तानमिएक्का नावाची एक अरुंद खिंड लागते. एवढी दहा-बारा मजली बोट तीमधून जाते तेव्हा किल्ल्यावरच्या माणसांच्या टोप्या मोजता येतात. शंभर-सव्वाशे संगणकवाले कडाक्याच्या थंडीत डेकवर येऊन पाहत राहिले. त्यानंतर मात्र बहुतेकांनी समुद्र पाहिलाच नाही. सभागृहाला खिडक्याच नव्हत्या.

आमची खोली सर्वांत स्वस्त होती, म्हणजे मोटारींच्या डेकच्याही खाली. तिथे उतरताना थोरलीला १९९४ सालची 'एस्टोनिया' आठवली. टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेल्या त्या बोटीच्या नाकाडाचे झाकण वादळात निखळले, मोटारींच्या डेकवर पाणी शिरले आणि ८५२ माणसे गेली. आम्ही लहान असताना अब्बा कधी कधी 'रामदास' बोटीची हकीकत सांगत. ती १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. अब्बा तेव्हा तान्हे होते, पण गावातली म्हातारी माणसे ती हकीकत अशी सांगत की ऐकणाऱ्याने स्वतः पाहिल्यासारखी वाटावी. आम्ही दोघांनी त्या रात्री एकमेकांना काही बोलून दाखवले नाही. जिना किती पायऱ्यांचा आहे तेवढे मात्र दोघांनीही मोजले होते, हे नंतर कळले.

पहिले सत्र संध्याकाळी सुरू झाले आणि अर्ध्या तासात इंटरनेट गेले. किनारा मागे पडला की बोटीवरचे कनेक्शन मुंगीच्या पावलाने चालू लागते. एका वक्त्याचे सगळे प्रात्यक्षिक जालावर अवलंबून होते. तो बिचारा पडद्यावरच्या फिरत्या चक्राकडे बघत उभा राहिला. शेवटी त्याने संगणक मिटला आणि खडू नसलेल्या त्या सभागृहात हातवारे करून समजावले. ते भाषण सगळ्यांत चांगले झाले. जेवणाच्या टेबलावर कोणी मोबाइलमध्ये डोके घालून बसले नव्हते, कारण त्यात काही येतच नव्हते. जेवणात साखरेच्या पाकातला हेरिंग मासा होता. कोकणी माणूस माशाला नाही म्हणत नाही, पण तिथे धाकट्याने हात आखडला.

आता ज्यासाठी आम्ही गेलो होतो त्या गोष्टीकडे येतो.

मराठीत दोन र आहेत. 'दर्या' लिहिताना र वर जातो, रफार होतो. 'दऱ्या' लिहिताना तो आडवा, 'कुऱ्हाडी'तल्यासारखा होतो. हिंदीला हा आडवा र लागत नाही. मराठीला लागतो, नेपाळीला लागतो. संगणक अक्षरे आकड्यांच्या रूपात ठेवतो, आणि आडवा र उमटवायचे दोन मार्ग आहेत. एक तर खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' वापरायचा, नाही तर साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालायचे. या दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेला मराठी मजकूर ढिगाने पडून आहे. आम्ही दोघे फावल्या वेळात ज्या एका मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावत होतो, त्यात मजकूर साफ करण्याची सोय होती. ही सोय सगळी अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकी. परिणामी दऱ्यांचा दर्या होई. 'सह्याद्रीच्या दऱ्या' साफ करून बाहेर आल्या की 'सह्याद्रीच्या दर्या'.

ते सॉफ्टवेअर सांभाळणारा गृहस्थ फिनलंडचा. दीड वर्ष आमची त्याच्याशी पत्रापत्री चालू होती. आमचे पत्र लांब, त्याचे उत्तर दोन ओळींचे. अदृश्य चिन्हे वापरून लोक खोटी नावे आणि खोटे पत्ते तयार करतात, म्हणून ती ठेवणे धोक्याचे, असे त्याचे म्हणणे. ते चूक नव्हते. पण त्याच्या उत्तरांत आम्हाला तुच्छता दिसू लागली होती. धाकट्याने एका पत्रात बरेच कडक लिहिले. त्यावर तीन महिने उत्तर आले नाही.

तो बोटीवर होता. जेवणाच्या वेळी आम्ही त्याला टाळले, त्याने आम्हाला. पण बोट काही मोठे शहर नव्हे. रात्री दहाच्या सुमारास जिन्यात समोरासमोर आलोच. तो लाजाळू, घसा खाकरत बोलणारा माणूस निघाला. दोन ओळींपलीकडे तो तोंडीसुद्धा बोलत नव्हता. आम्ही ज्याला तुच्छता समजलो तो त्याचा स्वभाव होता. धाकट्याची मान जरा खाली गेली.

खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. थोरलीने कागदी रुमालावर दोन्ही शब्द लिहिले. पहिल्यावर बोट ठेवून बाहेरचा काळा समुद्र दाखवला. दुसऱ्यासाठी डोंगर काढून त्यांच्यामधली जागा दाखवली. त्याने दोन्ही शब्द बराच वेळ पाहिले. मग विचारले, "म्हणजे माझ्या सॉफ्टवेअरने तुमच्या डोंगरात पाणी भरले?"

दीड वर्षांत आम्हाला एवढे नेमके वाक्य सुचले नव्हते.

रात्री दोनपर्यंत तिघे बसलो. मजकुरातली जोडचिन्हे ठेवायची, पत्त्यांतली आणि फाइलींच्या नावांतली मात्र काढायची, असे ठरले. आम्हाला सगळेच हवे होते, त्याने अर्धे दिले. इंटरनेट नव्हते, पण त्यावाचून अडले नाही. टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेली गिट ही सोय अशी आहे की प्रत्येकाच्या संगणकात कामाचा सगळा इतिहास असतो. त्याने बदल तिथल्या तिथे नोंदवला, आणि दुसऱ्या दिवशी स्टॉकहोमच्या धक्क्यावरून तो बाहेर पाठवला. दुसऱ्या दिवशी आमचा निबंध होता. फोनने आपणहून स्वीडनची वेळ धरली, कार्यक्रमपत्रिका फिनलंडच्या वेळेवर होती. आम्ही एक तास उशिरा पोहोचलो. आमच्याऐवजी दुसऱ्याला उभे केले होते, आणि आमचा निबंध परतीच्या प्रवासात उरकला. वीस माणसे होती. त्याचे फारसे वाईट वाटले नाही.

वाईट वाटले ते दुसऱ्या गोष्टीचे. याच कामात आमच्याबरोबर असलेल्या दोघांना व्हिसा मिळाला नव्हता. एकाने तर अर्जच केला नव्हता. खर्च परवडणार नाही हे त्याला ठाऊक होते. कोणीही यावे, आत काय आहे ते उघडून पाहावे, असे म्हणणाऱ्यांची ही परिषद, पण तिच्या दारात तिकीट आणि शिक्का दोन्ही लागत होते. इंजिन खाते पाहता येईल का, हेही आम्ही पहिल्या संध्याकाळी विचारून पाहिले. खिडकीवरच्या मुलीने हसून नाही म्हटले. सुरक्षेचे नियम. बरोबरच होते. पण अब्बा विचारणार हे आम्हाला माहीत होते.

त्या पहिल्या रात्री दोन वाजता खाली जाऊन पडलो, पण झोप लागेना. भिंतीतून, उशीतून, दातांतून एक घरघर येत होती. सुट्टीवर घरी आले की अब्बांना पहिले काही दिवस झोप लागत नसे. गावात फार शांत आहे, असे ते म्हणत. अम्मी त्यांच्यासाठी खोलीतला जुना खडखडणारा पंखा थंडीतही चालू ठेवी.

साडेचारच्या सुमारास आवाज बदलला. आम्ही कोट चढवून वर गेलो. बोट ऑलंडच्या मारीएहाम्न बंदरात टेकत होती. पलीकडे 'पोमर्न' या जुन्या शिडाच्या बोटीच्या चार डोलकाठ्या अंधारात उभ्या होत्या. फोनला रेंज आली होती. गावी सकाळचे आठ वाजले असतील, अब्बा चहा घेत असतील. थोरलीने नंबर लावला आणि काही न बोलता फोन धुराड्याच्या दिशेने धरला.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग अब्बांचा आवाज आला, "इंजिन सैल सोडलंय. धक्क्याला लागलात ना? कोणतं बंदर?"

आम्ही नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा विचारून घेतले आणि अम्मीला हाक मारून पेन आणायला सांगितले.