हवा वर, गाळ खाली

रविवार, 27 ऑक्टोबर 2024, लेस्टर

पहाटे घड्याळं तासभर मागे गेली. आता पावणेपाचलाच दिवेलागण. हिटिंग रीतसर सुरू झालं. खालची बैठक छान ऊबदार, पण वर मागच्या खोलीत सासूबाई स्वेटरवर शाल आणि शालीवर दुसरी शाल घेऊन बसलेल्या. ह्यांनी पॅसेजमधला थर्मोस्टॅट 19 वरून थेट 22 वर नेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! थर्मोस्टॅटला कळते ती फक्त पॅसेजची थंडी. गॅस जास्त जळेल, बैठकीत उकडेल आणि मागची खोली होती तशीच राहील.

वरच्या रेडिएटरवर तळहात फिरवून पाहिला. खाली चटका बसतो, मधे कोमट, वरचा भाग गारढोण. म्हणजे हवा अडकली आहे. बंद नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्यातली हवा उंचावरची जागा धरून बसते आणि मग तिथवर गरम पाणी पोचत नाही. त्यामुळे बहुधा वरच्या मजल्यावरचे रेडिएटर आधी रुसतात.

बुधवार, 30 ऑक्टोबर

चकल्या तळून झाल्यावर हार्डवेअरच्या दुकानात जाऊन रेडिएटरमधली हवा काढायची किल्ली आणली. पितळेची, बोटभरसुद्धा नाही, तोंड आतून चौकोनी. काही नव्या रेडिएटरना साधा स्क्रू-ड्रायव्हरही चालतो.

शेजारच्या आजोबांना फराळ द्यायला गेले. पंचाहत्तरी उलटली आहे, उमेदीची सगळी वर्षं इथल्या होजिअरीच्या गिरणीत गेली. हातात किल्ली बघून इथल्या लाडिक बोलीत म्हणाले, “‘मी डक’, आधी हिटिंग बंद कर आणि सगळं निवू दे.” एक तर पाणी अंगावर आलं तर भाजतं. शिवाय पंप चालू असताना किल्ली फिरवली तर कधी कधी बाहेरचीच हवा आत ओढली जाते. खालच्या मजल्यापासून सुरुवात कर, वर शेवटी जा, हेही त्यांनीच सांगितलं.

ते स्वतः मात्र एकाच खोलीत हिटिंग लावून बसले होते. सरकारने यंदा हिवाळी इंधन भत्ता पेन्शन क्रेडिटसारखी मदत घेणाऱ्यांपुरताच ठेवला. त्यांचं पेन्शन त्या मर्यादेच्या जरासं वर, त्यामुळे 200 पौंड गेले.

रविवार, 3 नोव्हेंबर, भाऊबीज

पुण्याच्या भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळून झालं आणि कामाला लागले. हिटिंग सकाळपासून बंदच ठेवलं होतं. बैठकीतल्या रेडिएटरने जेमतेम फुस्स केलं आणि लगेच पाणी आलं.

वरच्या खोलीत खिडकीतली पणती आधी उचलून दुसरीकडे ठेवायला लावली. सासूबाईंना ते अपशकुनी वाटलं. “अगं, हवाच तर काढायची आहे ना?” म्हटलं, “आई, ही नुसती हवा नसते.” रेडिएटर आतून गंजतात, तेव्हा काळा लोह ऑक्साइड तयार होतो आणि हायड्रोजन सुटतो. तो पेट घेतो. दिवा, काडी, सिगारेट काहीच जवळ नको.

त्यांनी वाटी धरली, मी खाली जुनं फडकं धरलं. वरच्या कोपऱ्यातल्या व्हॉल्व्हवर किल्ली बसवून डावीकडे हलकेच फिरवली, पाव फेऱ्याहून जास्त नाही. पूर्ण सोडवला तर आतला स्क्रूच बाहेर येतो आणि मग भिंत, गालिचा सगळं काळं. सूंऽऽ असा आवाज किती तरी वेळ चालला, कुबट धातूचा वास आला, मग फुरफुर, मग काळपट पाण्याचे दोन-चार शिंतोडे. धार सलग झाल्याबरोबर किल्ली उजवीकडे. वाटीत पाणी चमचाभरच, पण शाईसारखं.

एवढ्यावर थांबून चालत नाही. हवा गेली की दाब उतरतो. बॉयलरचा काटा 0.7 बारवर आला होता. थंड असताना तो 1 ते 1.5च्या मधे हवा. बॉयलरखालच्या, पाणी भरायच्या वेणीदार चंदेरी नळीचे दोन्ही नळ हळूहळू उघडले, काटा 1.3वर येताच दोन्ही घट्ट बंद केले. एखादा चुकून उघडा राहिला तर दाब वाढत जातो आणि 3 बारला सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी बाहेर फेकतो.

संध्याकाळी रेडिएटर वरपर्यंत सारखा तापला. सासूबाईंनी एक शाल काढून ठेवली.

रविवार, 10 नोव्हेंबर

किल्ली घेऊन आजोबांकडे गेले. त्यांची व्यवस्था जुनी, माळ्यावर छोटी टाकी. तिथे दाबाचा काटा नाही, नळी नाही; जेवढं पाणी कमी होईल तेवढं टाकीतून आपोआप भरतं. पण त्यांचा रेडिएटर वर गरम आणि तळाशी मधोमध गार निघाला. तिथे किल्लीचं काम नाही. तळाशी काळा गाळ बसला आहे. नळ्या धुऊन काढायच्या आणि मग गंजरोधक द्रव घालायचा, हे कारागिराचं काम आणि खर्चाचंही. आज फुकटात होण्यासारखं एकच होतं: रेडिएटरला टेकलेला सोफा वीतभर पुढे ओढला. रेडिएटर खोली तापवतो ते मुख्यतः खालून थंड हवा घेऊन वरून गरम सोडत. तोंडाशी सोफा आणि डोक्यावर ओले टॉवेल असले तर तो करणार काय?

मंगळवार, 19 नोव्हेंबर

डर्बीशायरच्या डोंगरांत बर्फ. आमचा थर्मोस्टॅट पुन्हा 19वर आहे आणि मागच्या खोलीतून तक्रार नाही. आज बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमानही 60 अंशांवर आणलं. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवतो, पण त्यासाठी रेडिएटरांतून फिरून येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली हवं. ज्यांच्याकडे गरम पाण्याची साठवण टाकी आहे त्यांनी मात्र हे परस्पर करू नये. साठवलेलं पाणी 60च्या खाली राहिलं तर त्यात घातक जंतू वाढू शकतात.

शनिवार, 7 डिसेंबर

बाहेर वादळ. सगळे रेडिएटर पुन्हा तपासले. मागच्या खोलीतल्यातून किंचित हवा निघाली. नवं पाणी भरल्यावर एवढी निघायचीच. काटा 1.3वर स्थिर, म्हणजे गळती नाही.

थंडीच्या सुरुवातीला थर्मोस्टॅट वाढवण्याआधी प्रत्येक रेडिएटरवर एकदा हात फिरवा. वर गार असेल तर किल्ली, खाली गार असेल तर सफाई. हवा पुन्हा पुन्हा भरत असेल किंवा काटा उतरतच राहिला, तर ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या माणसाला बोलवा. बॉयलरचं झाकण मात्र स्वतः कधीही उघडू नका.