साडेसात मैलांची रेघ

बंगळुरूच्या पूर्वेला आगर ते कृष्णराजपुरम हे सरळ अंतर संगणकावरच्या नकाशात मुले दोन टिचक्यांत मोजतात. 1800 साली विल्यम लॅम्बटनने याच भागात शंभर फुटी पोलादी साखळी सुमारे चारशे वेळा टाकून साडेसात मैलांची, म्हणजे 12 किलोमीटरची पायारेषा मोजली. ऑक्टोबर ते डिसेंबर लागले! पुढची अंतरे त्रिकोणांच्या गणिताने निघणार होती; इथली चूक सगळीकडे पसरली असती.

नकाशात 2 सेंटीमीटरला 1 किलोमीटर धरले, तर ही रेघ 24 सेंटीमीटरची. नकाशा मोठा केला, की प्रमाण बदलते आणि मुले नेमकी तिथेच फसतात. कोपऱ्यातली प्रमाणपट्टी पुन्हा पाहावी लागते. रस्त्याने आकडा वेगळाच येतो. बाह्य वळणरस्त्यावर अडकलेल्या बसमध्ये ताळा करायला वेळही भरपूर मिळतो.