आलपाकाचा पट्टा

परतवारीच्या एकादशीला नरसीत, नामदेवांच्या जन्मस्थानी लागलेल्या दर्शनाच्या रांगेत, माझ्यापुढे एक वृद्ध शीख गृहस्थ उभे होते. त्यांनी छत्री सावरण्यासाठी हात उचलला, तेव्हा पोलादी कड्याशेजारी असलेले त्यांचे घड्याळ मला दिसले. घड्याळ ओमेगाचे होते, जुन्या घडणीचे, सोनेरी कडांचे, काळाने पिवळसर झालेल्या तबकडीचे; आणि ते बांधले होते साध्या निळ्या सुती फितीवर. गुरू ग्रंथ साहिबात ज्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत त्या नामदेवांच्या गावी पंजाबातून माणसे येतात यात नवल नाही. पण टाळमृदंगांच्या गजरात रांग पुढे सरकत असता माझे चित्त मात्र त्या निळ्या फितीवरून हलेना.

घड्याळांचे जाणकार यंत्राची महती सांगतात, आणि ती खरीच आहे. परंतु हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला यंत्र दिसत नाही, दिसते ती तबकडी आणि दिसतो तो पट्टा. घड्याळाच्या चार कोपऱ्यांतून पुढे आलेले चार पाय, प्रत्येक जोडीच्या मध्ये बसवलेली स्प्रिंगची बारीक पिन, आणि त्या दोन पायांमधले अठरा किंवा वीस मिलिमीटरांचे अंतर, एवढ्या अल्प जागेत घड्याळाच्या स्वभावाचा निवाडा होतो. किंबहुना मनगटी घड्याळाचा जन्मच पट्ट्यापासून झाला, असे मी मानतो. १९०४ साली कार्तिए यांनी सांतोस-द्युमाँ या वैमानिकासाठी चामडी पट्ट्याचे घड्याळ घडवले, आणि पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या अंमलदारांसाठी खिशातल्या घड्याळांनाच तारेच्या कड्या डाखून त्यांतून चामड्याची पट्टी ओवण्यात आली. यंत्र तेच राहिले. परंतु आजोबांच्या बंडीतून निघून ते नातवाच्या मनगटावर आले.

आमच्या घरी असा पालट फार जवळून पाहायला मिळाला. माझे आजोबा निजामाच्या अमदानीत हिंगोलीच्या तहसील कचेरीत पेशकार होते. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबादेतल्या एका जहागीरदाराच्या देवडीतले सामान विक्रीस निघाले, तेव्हा कोणा मध्यस्थामार्फत त्यांच्याकडे एक ओमेगा आले. त्यासाठी आजीच्या पाटल्या मोडल्या गेल्या असे घरात दबल्या आवाजात बोलले जाई. घड्याळाला मगरीच्या कातड्याचा तपकिरी पट्टा होता. वर चौकोनी खवले, आतून मऊ अस्तर, आणि टोकाला सोन्याचे नाजूक बक्कल. त्या पट्ट्यावर ते घड्याळ पाहिले की अत्तर, हुक्का आणि पडदे लावलेली बग्गी यांचीच आठवण व्हावी. पेशकारांच्या मनगटावर मात्र ते परके दिसे, आणि ते परकेपण लोकांच्या आधी त्यांनाच जाणवले.

गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी न चुकणारी, अशा माणसाला कातडे मनगटावर वागवून पूजेला बसणे मानवेना. वहाणा उंबऱ्याबाहेर राहतात. घड्याळ देवघरात येते. म्हणून एका एकादशीला आजोबा नरसीला आले आणि दर्शन आटोपून वेशीजवळच्या एका वृद्ध शिंप्याच्या ओसरीवर बसले. त्याच्यापुढे त्यांनी घड्याळ ठेवले आणि त्याशेजारी आपल्या जीर्ण झालेल्या काळ्या आलपाकाच्या कोटाची एक बाही. शिंप्याने घड्याळ हातात घेतले नाही. आधी हात धुऊन आला. मग पायांतल्या पिना निरखून म्हणाला, "पेशकारसाहेब, ह्या तारा काढायच्याच नाहीत. एकसंध पट्टी शिवतो, एका तारेखालून घालू आन् पाठीखालून दुसऱ्या तारेखालून काढू."

आजोबांनी विचारले, "आणि बक्कलाच्या सुळ्याला भोके?"

"भोकं पाडली तर कापड उसवंल. काज करतो."

ते काज मी लहानपणी बोटांनी चाचपले आहेत. मुंगीच्या डोक्याएवढे ते काज मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याने इतके दाट विणलेले होते, की पुढे कापड विरले, कडा पांढुरल्या, तरी काज शेवटपर्यंत ताठ राहिले. दुहेरी आलपाका, मध्ये मांजरपाटाची पट्टी, कडेने दोन समांतर टिपा, आणि टोकाशी जुन्याच पट्ट्यावरून काढून शिवलेले सोन्याचे बक्कल. मजुरी त्याने घेतली नाही. आजोबांनी पुढच्या सुगीला त्याच्याकडे ज्वारी पाठवली. त्या दिवसापासून घड्याळाचा जहागीरदारी दिमाख गळून पडला आणि त्या जागी एक शांत, विद्वान, किंचित करडी प्रतिष्ठा आली. कचेरीत मिसलींवर सही करताना, पारायणात पोथीचे पान उलटताना, बाजारात हळकुंडे पारखताना तो काळा पट्टा आणि ती सोनेरी कड अशी एकरूप दिसत, की स्वित्झर्लंडच्या कारागिराने हे घड्याळ मुळी नरसीसाठीच केले असावे, असे पाहणाऱ्यास वाटे. हळदीचा पिवळा डाग मात्र त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूस कायमचा बसला.

ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ साली आपल्या सैनिकांसाठी नायलॉनच्या पट्ट्याचे मानक ठरवले. जी-१० नावाचा अर्ज भरला की तो कोठारातून मिळे. पिना न काढता ओवायची तीच रीत, आणि एक पिन तुटली तरी घड्याळ हातावरून पडू नये हा हेतू. आज श्रीमंत घड्याळांना शौकीन लोक हौसेने तो लावतात. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या ऑल्ड्रिनच्या हातावरही ओमेगाच होते, आणि जाड पोशाखावरून बांधता यावे म्हणून त्याचा पट्टा लांब आणि कापडी होता. नरसीच्या त्या ओसरीवरील वृद्धाला यांतले काही ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्याला कापड ठाऊक होते.

आजोबांच्या मागे काकांनी त्या घड्याळाला ताणली जाणारी स्टीलची चेन लावली. मनगटावरचे केस ओढणारी ती चेन लखलखत असे, आणि घड्याळ एकाएकी आडतीवरच्या दलालासारखे उतावीळ दिसू लागले. सोन्याच्या घड्याळाला सोन्याची चेन हा प्रकारही मला रुचत नाही. कातड्यावर मगरीचे खवले छापून विकणे त्याहून कमी रुचते. चामडेच हवे असेल तर खाली निमुळता होत गेलेला, बिनचकाकीचा, गडद तपकिरी पट्टा, आणि शिलाई त्याच रंगाची. १९७२ साली जेराल्ड जेंटा याने ओदेमार पिगे कंपनीसाठी रॉयल ओक हे घड्याळ रेखाटले, त्यात पोलादी साखळी घड्याळाच्या अंगातूनच उगवली. ती रचना थोर आहे हे मान्य करूनही मला त्या घड्याळाविषयी एक हुरहूर वाटते, की त्याला कोणताही शिंपी आपल्या हातचे काही देऊ शकत नाही.

नरसीहून औंढा नागनाथ दूर नाही. तिथे कीर्तनाला मज्जाव झाला म्हणून नामदेव देवळाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आमच्या मुलखात मूलही सांगते. नंदी तेवढा मागे राहिला. असे पाठ फिरवणारे एक घड्याळही आहे. घोड्यावरून चेंडू टोलवताना काच फुटू नये म्हणून, ब्रिटिश अमलातील हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या अंमलदारांसाठी, १९३१ साली जेगर-लकुल्त्र यांनी रिव्हर्सो नावाचे घड्याळ केले. ते आपल्या चौकटीत सरकून पाठमोरे होते. मी ते एकदाच हातात घेतले, फिरवले, पुन्हा फिरवले, आणि मनात औंढ्याचे शिखर होते.

ते ओमेगा आता माझ्याकडे आहे, आणि त्याने काय ल्यावे याचा निर्णय अजून होत नाही. आलपाका बाजारात सापडत नाही. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वजाची खादी तयार होते. तिथून घट्ट विणीची खादी आणावी आणि काळी रंगवावी, असे मनात आहे. हिंगोलीतल्या ज्या शिंप्याकडे मी चौकशी केली तो तरुण आहे, पण हाताने काज करणारा आहे. त्याने सांगितले, खादी धुतल्यावर आटते. म्हणून आधी दोनदा पाण्यातून काढा, सावलीत वाळवा, आणि मगच माप द्यायला या, येताना घड्याळही घेऊन या.