वाटीभर डाळिंब्या

आज मोड आलेले वाल सोलायला बसले, तर लेक मांडीला मांडी लावून शेजारी. तीन वर्षांची. अंगठा आणि तर्जनीत वाल दाबला की साल सुटून डाळिंबी टुणकन उडते; तिच्या पहिल्या पाच-सहा थेट ओट्याखाली गेल्या. मग खालचा ओठ दाताखाली धरून तिने जोर कमी केला. पुढची अलगद वाटीत पडली. "आई, आली!"

मी काहीच शिकवलं नव्हतं. किती दाबायचं ते तिच्या बोटांनी शोधलं. उद्या हीच बोटं पेन्सिल धरतील, बटण लावतील.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभं केलं. आणि आपण महागड्या खेळण्यांच्या खोक्यांवर वयोगट वाचत बसतो! मला तर वाटतं, मुलांना हवा असतो आपला घाई नसलेला वेळ. तोच देताना माझा जीव कासावीस होतो. आजही दोनदा हात पुढे गेला, मागे घेतला.

बिरडं साडेनऊला झालं. तिच्या अकरा डाळिंब्या बाबासाठी वेगळ्या शिजवल्या.