वाऱ्याचा चढ

वाचकहो, कोलकात्याहून समुद्र किती दूर आहे, असा विचार आपल्या मनात कधी आला आहे काय? बंदर म्हणून या नगरीची ख्याती जुनी. परंतु खरा समुद्र पाहावयाचा तर दक्षिणेस सुमारे १३० किलोमीटर जावे लागते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १२ जेथे संपतो, तेथे बकखालीचा किनारा आहे. हिवाळ्यात तेथे सहलीला येणाऱ्यांची रीघ लागते. मी मात्र मे महिन्यात निघालो, आणि तेही सायकलवरून!

या शहराचे सायकलवेड नवे नाही. १९२६ मध्ये बिमल मुखर्जी आपल्या मित्रांसह येथूनच सायकलवर जगप्रवासास निघाले आणि १९३७ मध्ये परतले. त्यांच्या अकरा वर्षांपुढे माझा एक दिवस तो काय, अशा ऐटीत मी पहाटेच्या अंधारात बेहाला ओलांडले.

डायमंड हार्बरपर्यंतचे पन्नास किलोमीटर सुखाचे गेले. तेथे हुगळीचे पात्र इतके विस्तारते, की पैलतीर केवळ एका रेघेसारखा दिसतो. मातीच्या बोळक्यातून चहा घेतला आणि पुढे निघालो, तोच दक्षिणेचा वारा छातीशी भिडला. उन्हाळ्यात जमीन तापते आणि उपसागरावरून दमट वारा तिच्याकडे धाव घेतो. आपण कोकणातील घाट चढला असेल, तर चढानंतर उतार येतो हा दिलासा आपणांस ठाऊक असेल. येथे भूमी तळहातासारखी सपाट. पण वाऱ्याचा हा चढ संपता संपत नाही.

मकर संक्रांतीस गंगासागराच्या यात्रेकरूंनी फुलून जाणारे काकद्वीप दुपारी सुनसान होते. दोन शहाळी प्यालो, तरी पायांत गोळे येतच राहिले. नामखान्यास हातानिया-दोआनिया नदीवर २०१९ मध्ये पूल खुला झाला. त्यापूर्वी तेथे नाव गाठावी लागे. त्या दिवसाचा खराखुरा चढ तेवढाच. पुलावरून पाहतो तो वायव्येचे आकाश काळेनिळे झालेले!

पूल उतरताच रस्त्याकडेच्या एका झोपडीपुढे जाळे विणीत बसलेल्या वृद्धेने मला हाक मारली. “आता पुढे जाऊ नका, दादा,” ती बंगालीत म्हणाली. उरले होते जेमतेम पंचवीस किलोमीटर. सकाळपासूनची ऐट मला थांबू देईना. “मासीमा, अंधारापूर्वी पोहोचायचे आहे,” मी म्हणालो. तिने उत्तर न देता सायकलची मूठ धरली.

पाच मिनिटांतच कालबैसाखीचे वादळ कोसळले. समोरच्या झाडाची भली थोरली फांदी कडाडून रस्त्यावर पडली. मी त्याच वाटेने निघालो होतो. त्यानंतर बराच वेळ मला शब्द सुचेना.

पाऊस ओसरेपर्यंत मासीमाने मुरमुरे पुढे केले आणि घरची हकिकत सांगितली. तिचे दोन्ही मुलगे मासेमारी करणारे. बंगालच्या उपसागरात १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशीच बंदी १ जून ते ३१ जुलै असते. आणि कायदा होण्यापूर्वीपासून आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीतच आले आहेत. “हे दोन महिने हात आखडूनच काढावे लागतात,” मासीमा म्हणाली, “पण आत्ता थांबलो नाही, तर पुढे जाळ्यात येणार काय?”

वादळाने वारा पार पालटून टाकला होता. हवा गार झाली होती, छातीवरचे ओझे उतरले होते. पडलेली फांदी वळसा घालून ओलांडली आणि उरलेली वाट चाके जणू आपणहून धावली. फ्रेझरगंजच्या मासळी बंदरात नौका दोरांनी बांधून शेजारी शेजारी उभ्या होत्या. संधिप्रकाशात बकखालीस पोहोचलो, तेव्हा ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर मनुष्य नव्हता. केवळ समुद्र होता.

वाचकहो, आपणही कधी अशा आडहंगामी किनाऱ्यावर जा. मात्र वाटेत कोणी जाणत्याने थांबावयास सांगितले, तर अवश्य थांबा. मी माझ्या बळावर पोहोचलो, असे मला आता म्हणवत नाही. एका मायेच्या हाताने मूठ धरली, म्हणून पोहोचलो.