चाळीस घरांची बखर

“सोलापूर? म्हणजे शिरापूरच्या जवळचं ना?”

पुण्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या तरुणानं हे विचारलं आणि माझा घास हातातच राहिला. आजवर लोक सोलापूरला चादरीवरून ओळखायचे, सिद्धेश्वरावरून ओळखायचे, थोडं वाचलेले असतील तर १९३०च्या मार्शल लॉवरून. मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यावरून सोलापूरचा पत्ता लावणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. पोरगा अमेरिकेत अर्थशास्त्रात डॉक्टरेट करत होता. सोलापूर त्यानं पाहिलेलं नव्हतं, शिरापूर तर नाहीच. पण पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिरापुरात कुणी किती ज्वारी पेरली, बैल कधी विकला, पोरं शाळेत कधी गेली नाहीत, हे सगळं त्याच्या संगणकात होतं.

दुष्काळाची कागदपत्रं गोळा करणं हा माझा जुना नाद. १८८४चं सोलापूरचं गॅझेटियर मी इतरांनी कादंबरी वाचावी तसं वाचलेलं आहे. आणि तरी हे गाव माझ्या नजरेतून सुटलं होतं. माघ लागताच, ज्वारीची काढणी सुरू असताना, मी सोलापूरची गाडी पकडली.

लॉजचं नाव सांगत नाही. स्टेशनापासून जवळ, एवढा एकच गुण त्याच्या अंगी होता. बाथरूमच्या नळाला गरम पाणी ‘सहा ते सात’ असं लिहिलेलं. सकाळी की संध्याकाळी, हे मॅनेजरलाही सांगता येईना. रात्रभर खालच्या रस्त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे. सकाळी उठून सिद्धेश्वराचं तळं आणि भुईकोट किल्ला अर्ध्या तासात उरकले. किल्ल्यात एक गाईड मागे लागला होता. त्याला बाराव्या शतकापासून सुरुवात करायची होती आणि मला १९७५ गाठायचं होतं.

हे १९७५ काय प्रकरण आहे ते सांगतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, म्हणजे कोरडवाहू माणसाच्या ताटातली पिकं, हा तिचा विषय. बियाणं सुधारायचं तर ते पेरणारा माणूस कसा जगतो ते आधी कळायला हवं, असं तिथल्या अर्थशास्त्रज्ञांच्या मनात आलं. त्यांनी सहा गावं निवडली: महबूबनगर जिल्ह्यात दोन, अकोल्यात दोन आणि सोलापुरात दोन. सोलापूरची दोन म्हणजे मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापुरातलं कळमण. प्रत्येक गावात चाळीस घरं धरली. दहा भूमिहीन मजुरांची, बाकीची तीस लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. मग शेती-अर्थशास्त्र शिकलेला, स्वतः शेतकऱ्याच्या घरातला एक तरुण गावातच मुक्कामाला ठेवला. दर तीन-चार आठवड्यांनी तो त्या चाळीस उंबऱ्यांवर जाई. काय पेरलं, किती मजूर लावले, काय विकलं, काय उसनं आणलं, घरात कोण आजारी, सगळं वहीत. शिरापुरात असं दहा वर्षं चाललं. मधे खंड पडला आणि २००१नंतर वही पुन्हा उघडली.

त्या वह्यांवर जगभरातल्या विद्यापीठांत किती प्रबंध लिहिले गेले याची गणती नाही. शिरापूरच्या माणसांना मात्र आपली वही वाचायला मिळालेली नाही. आकडे सगळ्यांना खुले आहेत, पण कुठल्या खेड्यातला माणूस इंग्रजी तक्त्यांत स्वतःचं घर शोधायला बसेल?

निघण्याआधी एका स्नेह्यांकडे चहाला गेलो. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, सोलापूरच्या मध्ययुगावर अधिकारवाणीनं बोलणारे. मी शिरापूरला निघालोय म्हटल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “तिथं काय आहे? शिलालेख नाही, वीरगळ नाही, गढी नाही. अशा गावाला इतिहास नसतो हो, लोकसंख्या असते.”

मी म्हटलं, “कुठल्या सुलतानानं कुठल्या तिथीला वेढा उठवला यावर तुम्ही चाळीस वर्षं भांडलात. त्या तिथीला कुणब्याच्या घरी काय शिजलं होतं, याचा एक कागद दाखवा. शिरापूरच्या चाळीस घरांचा तो कागद आहे.”

“ती खतावणी झाली. खतावणीला इतिहास म्हणायला लागलो तर किराणा दुकानदार रियासतकार व्हायचे.”

मग मी गणेश व्यंकटेश जोशींना पुढे केलं. सोलापूरच्या हायस्कुलात हेडमास्तरकी करणारा हा माणूस. सरकारी अहवालांतलेच आकडे उलटेपालटे करून सरकारचं पितळ उघडं पाडणारे लेख त्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहिले. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्षीला जाण्याआधी गोखल्यांची तयारी त्यांनीच करून घेतली. म्हणजे खतावणी वाचणारा मिळाला तर तिचा इतिहास होतो.

प्राध्यापक हसले आणि त्यांनी मला खरोखर टोचेल असं वाक्य टाकलं. “जोशींनी दुष्काळाचे आकडे वाचले. तुमची वही सुरू होते १९७५ला. बहात्तरचा दुष्काळ संपला, लोक घरी परतले, मग तुमचे साहेब वही घेऊन आले. बखरकार लढाई संपल्यावर पोचला!”

याला उत्तर सुचलं नाही. चहा संपवून निघालो.

पुण्याच्या रस्त्यानं कोंडी, पाकणी मागे टाकली, सीनेचा पूल ओलांडला. लांबोटीला चिवड्यासाठी थांबणं हा या रस्त्यावरचा धर्म आहे, तो पाळला. एरवी ही नदी पुलावरून पाहावी तर वाळूचाच पट्टा जास्त. पण २०२५च्या सप्टेंबरात याच सीनेनं मोहोळ, माढ्याची गावं पाण्याखाली घातली. पाऊस मागणाऱ्या मुलखाला पाऊस असाही भेटतो.

हायवे सोडला की जमीन बदलत नाही, पण दिसायला लागते. काळी. ओली असताना पायाला सोडत नाही आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की शेळीचं पिल्लू आत अडकावं. या काळ्या रानात पावसाळ्यात काही न पेरता ते मोकळं ठेवायचं, वखरत राहायचं, आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर ज्वारी टाकायची, ही सोलापूरची जुनी रीत. पुढचे चार महिने ज्वारी वरच्या पावसावर जगत नाही, मातीनं पोटात धरलेल्या ओलीवर जगते. इथली मालदांडी अशीच. तिची ‘मालदांडी ३५-१’ ही निवड शिरापूरच्या शेजारी, मोहोळच्या संशोधन केंद्रात झाली आणि इतक्या वर्षांत तिला मागे सारणारं वाण शास्त्रज्ञांना फारसं सापडलेलं नाही.

इक्रिसॅटच्या साहेबांना सुरुवातीला ही रीत खटकली. चार महिने पाऊस पडतो आणि रान रिकामं? वर्षाला दोन पिकं का नाहीत? त्यांनी रुंद वाफे आणि सरी पाडण्याची पद्धत आणली, बैलांनी ओढायचं चाकाचं औजार आणलं, पावसाआधी कोरड्यात पेरा असं सांगितलं. जिथं मृगाचा पाऊस भरवशाचा, तिथं हे जमण्यासारखं होतं. सोलापुरात जून बरसतो, मधेच पाऊस दडी मारतो, सप्टेंबरात पुन्हा येतो. शेवटी त्यांच्याच हवामानाच्या हिशेबातून निघालं, की या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचं रान मोकळं ठेवणं शहाणपणाचंच आहे. आजोबा-पणजोबांनी जे काढलं तेच उत्तर, फक्त टक्केवारीसकट.

गावात शिरलो आणि थोडा हिरमोड झाला, हे लपवत नाही. मला १९७५चं गाव हवं होतं. समोर ऊस होता. सिमेंटचा रस्ता, ट्रॅक्टर, पत्र्याची आणि स्लॅबची घरं, भिंतींवर डिश. पाणी आलं तसा ऊस आला आणि ज्वारी कडेला सरली. गावकऱ्यानं का म्हणून माझ्या नादासाठी कोरडवाहू राहावं? पण मनाची समजूत घालायला वेळ लागला.

एका रानात मात्र काढणी चालली होती. ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ताट धरून, कंबरेत वाकून, हिसडा. दिवसभर. बायकांच्या तळहातांना फडकी बांधलेली. पेंढ्या बांधून ठेवलेल्या, कणसं मोडायला एक म्हातारी बसलेली आणि बांधावर तिचा नवरा. “या पावणं, बसा की सावलीला,” असं म्हणत आबांनी बाभळीखाली जागा करून दिली. दुपारची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढं आलं. मालदांडी आता गव्हापेक्षा महाग. शहरात तिला डॉक्टरांच्या चिठ्ठीनं मागणी आहे. आबा म्हणाले, “खायापुरती ठिवलीय दोन एकर. कडबा हुतो जनावराला. बाकी समदा ऊस. उपटायला माणूस गावत न्हाई.”

वहीवाल्यांची आठवण आहे का, विचारलं. आबा खुलले. “व्हय तर! गावातच राहायचं ते. घरचंच झालतं. नाण्याचा खेळ बी खेळले की आमच्यासंगं.”

हा खेळ जगप्रसिद्ध आहे. हान्स बिन्स्वांगर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं या गावांतल्या लोकांपुढं नाणं उडवायचा डाव मांडला. छापा-काटा काहीही पडो, ठरलेली रक्कम हवी? की एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, असा धोका पत्करता? सुरुवात अर्ध्या रुपयापासून, पुढं रक्कम वाढत वाढत मजुराच्या महिन्याच्या कमाईच्या वर. पैसे खरेच द्यायचे. १९८०मध्ये निष्कर्ष छापला: रक्कम मोठी झाली की गरीब काय आणि बऱ्यापैकी जमीनवाला काय, जवळजवळ सगळेच सारखे जपून खेळतात. गरीब माणूस भित्रा म्हणून नवं बियाणं घेत नाही, हा साहेबांचा आवडता समज तिथं ढिला पडला. भीती सारखीच, पदरी असतं ते कमीजास्त.

पुढं १९९४ साली रॉबर्ट टाउनसेंड यांनी शिरापूरसह तीन गावांच्या वह्या घेऊन आणखी मोठा प्रश्न विचारला. एकाचं पीक बुडालं, एकाच्या घरी आजारपण आलं, तर त्याचं खाणं त्या प्रमाणात घटतं का? फारसं नाही, असं निघालं. घराचं ताट स्वतःच्या मिळकतीपेक्षा गावाच्या ताटाबरोबर वरखाली होतं. म्हणजे गाव आपल्या माणसाला सावरून धरतं; पुरतं नाही, पण बरंचसं. तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार कमी, हेही त्यांनी नोंदवलं. लगेच दुसऱ्यांनी हरकत घेतली, की मुळात खाण्याचं मोजमापच कच्चं आहे. भांडण अजून मिटलेलं नाही. मला ते वाचताना गंमत वाटते ती दुसरीच. अख्खं गाव एकदम बुडालं तर सावरायचं कुणी? तिथं हे गणित हात टेकतं. १८७६ला तेच झालं होतं. परतीचा पाऊस गेला आणि सोलापूरची माणसं निजामाच्या मुलखात, वऱ्हाडात चालती झाली. सर रिचर्ड टेंपलनं सरकारी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं, तेव्हा हजारोंनी काम टाकलं.

प्राध्यापकांचं वाक्य डोक्यात होतंच. आबांना बहात्तरबद्दल विचारलं. त्यांनी तारखा सांगितल्या नाहीत. थोरल्याचा जन्म ‘बहात्तरच्या आदल्या साली’, बैलजोडी घेतली ती ‘बहात्तरनंतर तिसऱ्या साली’, असं सगळं आयुष्य त्यांनी त्या खुंट्याभोवती बांधलेलं. खडी फोडली, पाझर तलावाच्या मातीच्या पाट्या वाहिल्या, सुकडी खाल्ली, अमेरिकेची मिलो खाल्ली. “लाल असायची. भाकर थापताना फुटायची,” आजी मधेच म्हणाल्या. बैल विकले होते, मिळेल त्या भावाला. पाऊस आला तेव्हा दुप्पट पैसे मोजून घेतले. हेच पुढं रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन यांनी या वह्यांवरून १९९३ साली मांडलं: अडचणीच्या साली शेतकरी औताचा बैल विकतो आणि पुढची शेती तिथंच आखडते. आबांनी ते समीकरणाशिवाय सांगितलं.

रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांचा आणखी एक लेख आहे, १९८९चा. लांबच्या, वेगळ्या पाऊसपाण्याच्या गावात मुली देणं हा दुष्काळाचा विमाच असतो, असा त्याचा रोख. मी जरा धीर करून आजींना तो ऐकवला. कणीस मोडता मोडता त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की लेखकांच्या वतीनं मलाच ओशाळायला झालं.

“पाऊस बघून कोण पोरगी देतंय? पोरगा बघितला, रान बघितलं. पावसाचं कोण सांगावं?”

आबा हळूच म्हणाले, “बहात्तरला कडबा तुझ्या बहिणीकडनंच आला हुता की, बार्शीकडनं.”

“तो बहिणीनं धाडला. विम्यानं न्हाई,” आजी म्हणाल्या. अर्थशास्त्राच्या कुठल्याही परिसंवादात मी याहून नेमका आक्षेप ऐकलेला नाही.

कळमणला जायचं ठरवलं होतं, पण ऊन उतरायला लागलं होतं आणि मला उठवेना. लॉजवर परतायची तर मुळीच घाई नव्हती. बाया पेंढ्या मोजत होत्या. आजींनी पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर नीट मांडी घालून बसल्या.

“आता तुमचं सांगा. घरात खाणारी तोंडं किती?”

सांगितलं.

“मिळवती किती? भाड्याचं घर का सोताचं? काल रातच्याला काय खाल्लं?”

तेही सांगितलं. प्रश्नांचा क्रम असा बिनचूक होता, की ही उजळणी कुठून आली ते विचारायची गरज नव्हती.

“कर्ज?”

“आहे थोडंफार. घराचं.”

“थोडंफार म्हंजी किती? कुनाचं? व्याज काय?”

मी चटणीची चव छान आहे असं काहीतरी म्हणालो. आजी आबांकडं वळल्या. “बगा. आपुन बी पयल्या साली त्या पोराला असंच सांगत हुतो.”

आणि पुन्हा माझ्याकडं पाहून, “बरं, ऱ्हाऊ द्या. किती मुली? कुठं कुठं दिल्या?”