मुक्कामाची तारीख

व्हिसाच्या नियमांशी वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या शिरपूरची पहिली ओळख झाली ती बाहेरून येणाऱ्या यात्रेकरूंमुळे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला दूरदूरचे जैन भाविक येत. १९८१ मध्ये वादापायी मंदिराला कुलूप लागलं, तरी झरोक्यातून दर्शन घ्यायला लोक येतच राहिले. परदेशी पासपोर्टवर आलेला कुणी धर्मशाळेत उतरला, की चोवीस तासांच्या आत ‘फॉर्म सी’ भरून पोलिसांकडे वर्दी द्यायची. पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा नंबर, मुदत कधीपर्यंत, पुढं कुठं जाणार. पाहुणा कितीही श्रद्धेनं आलेला असो, त्याच्या मुक्कामाला तारीख असते, हे गावाला तेव्हापासून ठाऊक होतं.

आपल्यातलं कुणी बाहेर निघालं, तर मात्र सगळं गाव कामाला लागे. पासपोर्टचं ऑफिस नागपूरला. अर्ज मोठ्या अक्षरांत हातानं भरायचा, म्हणून अक्षर चांगलं असलेल्या गुरुजींकडं जायचं. चौकशीचे कागद अकोल्याहून येत, कारण १९९८ पर्यंत वाशीम हा जिल्हाच नव्हता. शिपाई घरी आला की शेजारचे काका-मामा साक्षीला आपणहून ओसरीवर येऊन बसत. मग एक दिवस पोस्टमन लांबूनच ओरडे, “आला रे बाप्पा पासपोर्ट!”

अमेरिकेचा व्हिसा म्हणजे मुंबई. एसटीनं अकोला, तिथून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, डोंबिवलीच्या नातेवाइकाकडं पथारी आणि पहाटे ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधल्या वकिलातीबाहेर रांग. आखातात मजुरीला जाणाऱ्याची निराळीच धावपळ. दहावी न झालेल्याला परवानगीचा शिक्का लागे. १९८३ च्या कायद्यानं तो घातला होता, मजूर फसू नये म्हणून. निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर हार, नारळ, चिवड्याचे डबे आणि एकच ताकीद: “कागद सांभाळजो.”

आमच्या घरी तो कागद मी जवळून पाहिला आहे. मोठी आई लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेली, तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तिच्या पासपोर्टात एक छोटं पांढरं कार्ड टाचून दिलं. त्यावर परत निघायची तारीख पेनानं लिहिलेली. इंग्रजी तिला येत नव्हतं. ती तारीख मात्र तिनं पाठ केली. पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी बटव्यात. येताना कार्ड विमान कंपनीकडं जमा केलं, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

आज हे सारं पालटलं आहे. मार्च २०२३ मध्ये मंदिराचं कुलूप उघडलं. आमच्या मालेगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. फॉर्म सी ऑनलाइन झाला. २०१७ पासून पोस्टात पासपोर्ट केंद्रं निघाली आणि नागपूरची खेप बहुतेकांची वाचली. अमेरिकेची वकिलात २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. अर्ज आणि फी मोबाइलवर होते. मलेशियाला तर महिनाभरासाठी आपल्याला व्हिसाही लागत नाही. शिरपूरचं पोरगं आज जगात कुठंही जायची हिंमत करतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ते पांढरं कार्ड अमेरिकेच्या विमानतळांवरून २०१३ मध्ये गेलं. आता परतीची तारीख वेबसाइटवर आपली आपण पाहायची. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी दर खेपेचा मुक्काम साधारण सहा महिन्यांचाच असतो. या दोन मुदतींत भल्याभल्यांची गल्लत होते. एक दिवस जादा राहिलं तरी तो व्हिसा बाद. १८० दिवसांवर गेलं तर तीन वर्षं आणि वर्षभर राहिलं तर दहा वर्षं अमेरिकेचं दार बंद. युरोपात शेंगेन देशांमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. ऑक्टोबर २०२५ पासून तिथं शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायला सुरुवात झाली. दिवस यंत्रच मोजतं. दुबईत मुदतीबाहेरच्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहम दंड. शिकायला गेलेल्या मुलानं ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून जास्त काम केलं, तर शिक्षणच धोक्यात येतं.

पूर्वी हे ओझं दहा जण वाटून घेत. गुरुजी अर्ज वाचत, शेजारी साक्ष देत, थोरले कागद तपासत. आज मुलगा एकटाच रात्री मोबाइलवर बटणं दाबतो आणि ‘मान्य आहे’ म्हणून पुढं जातो. एजंट सांगतो, “व्हिजिटवर जा, काम तिथं मिळून जाईल,” आणि त्याला अडवणारं ओसरीवर कुणी नसतं.

रांगा परत याव्यात असं मला मुळीच वाटत नाही. ती ओसरी मात्र परत यावी. अमेरिकेच्या अर्जात तिथल्या जवळच्या नातलगांची आणि ते तिथं कोणत्या हक्कानं राहतात याची विचारणा असते. म्हणजे थोरल्यानं मुदत मोडली, तर धाकटीच्या अर्जावर त्याची सावली पडते. म्हणून घरातलं कुणी निघालं, की सगळ्यांनी बसून व्हिसा वाचावा, एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर तपासावी आणि घरच्या कालनिर्णयवर परतीची तारीख ठळक लिहावी. वेळेवर परतणारा माणूस आपल्या मागून निघणाऱ्याची वाट सोपी करतो.